तोंडाला चुलीची माती

कपाळावरचं तेल गेलं तर मला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी जे केलं ते एका वरिष्ठ लिपिकाने भानावर राहून का केलं, हा प्रश्न तुम्हाला छळत राहील. मला बायको मिळणार होती. सबंध आठवडाभर.

बायको मला आहे. पण ती गोंदियाला आहे आणि मी लोणावळ्यात, वलवणला. अनघा बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला बढती मिळाली, आम्ही पेढे वाटले, आणि बॉक्समध्ये पेढे शिल्लक असतानाच बदलीचा कागद आला. 'बढती नाकार' असं मी तिला एकदाही म्हणालो नाही. ह्यात मोठेपणा काही नाही. म्हणायचं मनात होतं, पण पेढे आधीच अर्ध्या वलवणात जाऊन पोचले होते आणि ते परत मागता येत नाहीत. मुलगी चैताली शिकायला बंगळुरात. घरात मी आणि दोरीवर न वाळलेले माझेच शर्ट.

तर बेत असा होता. दसऱ्याच्या सुट्टीला पुढून मागून किरकोळ रजा चिकटवायच्या, शनिवार-रविवार धरायचे, आणि आठवडा काढायचा. अनघानेही तिकडे तेवढ्याच रजा राखून ठेवल्या होत्या. दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर जायचं आणि बाकीचे दिवस काहीही करायचं नाही. 'काहीही करायचं नाही' हा त्यातला मुख्य कार्यक्रम. उन्हाळ्यापासून आम्ही रोज रात्री जेवणानंतर फोनवर तो बारकाईने ठरवत होतो. सकाळी काय काय करायचं नाही, दुपारी काय काय करायचं नाही. इतकं तपशीलवार नियोजन मी नोकरीत कधी केलं नाही.

ह्या बेताच्या आड माझं कपाळ आलं.

आमच्या घराण्यात जमीनजुमला नाही, तेल मात्र आहे. आजोबांचा एक फोटो भिंतीवर आहे. त्यात त्यांच्या कपाळावर फ्लॅश चमकलाय असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. तो फोटो भर दुपारी उन्हात, बिनफ्लॅशच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. तेच कपाळ वडिलांकडे आलं आणि वडिलांकडून, इतर वारसदार नसल्यामुळे, पूर्ण माझ्याकडे. सकाळी धुतलं की नऊ वाजेपर्यंत ते पुन्हा तळणीला तयार असतं. इतकी वर्षं त्याचा कुणाला उपद्रव नव्हता. व्हिडिओ कॉलवर अनघा फक्त म्हणायची, "अहो, फोन जरा खाली घ्या. नुसता उजेडच दिसतोय."

मग ऑफिसात हजेरीचं मशीन आलं. (खात्याचं नाव सांगत नाही, मला अजून नोकरी आहे.) आधी मस्टर होतं. मस्टरवर माणूस सही करतो आणि मस्टर त्याच्यावर विश्वास ठेवतं. ह्या मशीनपुढे उभं राहून तोंड दाखवायचं आणि त्याने ओळख द्यायची. ते बसवलं कॉरिडॉरमध्ये, बरोबर ट्यूबलाइटच्या खाली. मी उभा राहिलो की ट्यूबलाइट माझ्या कपाळावर उतरायची आणि मशीन म्हणायचं, 'चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' मी रुमालाने पुसायचो, पुन्हा प्रयत्न करायचो. मागे रांग लागायची. रांगेतली मंडळी सहानुभूतीने म्हणायची, "साहेब, तुम्ही बाजूला व्हा, आमचं होऊ द्या." त्यांचं होईपर्यंत वेळ टळायची आणि माझ्या नावावर लेट मार्क पडायचा. तीन लेट मार्कांना एक किरकोळ रजा कापली जाते. म्हणजे माझं कपाळ हळूहळू माझा दसरा खात होतं.

मी आस्थापना शाखेत संदेशकडे गेलो. संदेश वयाने लहान, पण मशीन त्याच्या ताब्यात आल्यापासून आवाज जरा खाली आणि जड झालेला.

"संदेश, मी पावणेदहाला ह्याच दारातून आत आलो. तू मला नमस्कार केलास."

"केला की साहेब."

"मग मी हजर होतो."

"मला दिसलात साहेब. मशीनला दिसायला पाहिजे."

"मशीन त्या खिडकीकडे सरकव. तिकडे ट्यूब नाही."

"भिंतीला भोक पाडायचं तर बांधकामाची परवानगी लागते. चेहरा नव्याने नोंदवायचा तर वरून परवानगी लागते, आणि ती वर्षातून एकदाच. अर्ज करून ठेवा." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आणि साहेब, रागावू नका, पण तेवढी पावडर लावून बघा ना."

पावडर लावली. माझ्या कपाळावर पावडर टिकत नाही, मळली जाते. पहिल्या दिवशी मशीनने मला ओळखलं नाही आणि शिपायानेही ओळखलं नाही. अर्ज करून ठेवला.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर नूरमहंमदभाई राहतात. रेल्वेतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना दोन गोष्टी येतात, सल्ला देणं आणि नियम दाखवणं, आणि कोणती कधी निघेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी सल्ल्याचा दिवस होता.

"राजाभाऊ, बेसन लावा. आमच्या रेल्वेत रुळांच्या गँगवरचा एक मुकादम लावायचा. चेहरा असा, विटेसारखा कोरडा."

"कुठे असतो तो आता?"

"वारला. पण चेहरा शेवटपर्यंत तसाच."

त्यांची मुलगी रुमाईसा फार्मसी शिकते. ती जिन्यातच थांबली, माझं कपाळ डॉक्टरने जीभ बघावी तसं बघितलं आणि म्हणाली, "काका, बेसन नको. क्ले मास्क लावा. माती तेल शोषून घेते. आठवड्यातून एकदा, वाळेपर्यंत ठेवायचा आणि धुवायचा."

"माती?"

"माती. डबीत मिळते."

मी बाजारात जाऊन ती डबी पाहिली. एवढीशी डबी, चिमणीच्या घरट्याएवढी. पाठीमागे बारीक अक्षरात घटक वाचले. मातीच होती. परदेशातून आलेली. मी दुकानात उभा राहून विचार केला. ज्या मावळात पावसाळ्यात चप्पल उचलली तर निम्मं शिवार बरोबर येतं, तिथल्या माणसाने डबीतली माती विकत आणायची? मला ते बुद्धीला पटेना. डबी परत ठेवली. ह्या गोष्टीतला पहिला पैसा मी तिथे वाचवला, आणि तो एकटाच वाचला.

माती म्हटल्यावर मला भागुबाई आठवल्या. कार्ल्याला हायवेच्या कडेला त्यांची ताडपत्री आहे आणि तिच्याखाली ओळीने मांडलेल्या चुली. हल्ली आमच्याकडे चुलींना फार मागणी आहे. ज्यांच्या आयांनी धुरापासून एकदाची सुटका करून घेतली, तीच माणसं आता मोठाल्या गाड्या घेऊन चुलीवरचं मटण शोधत येतात, आणि मग प्रत्येक हॉटेलवाल्याला दर्शनी भागात एक चूल लागते. आत गॅस असतो. भागुबाईंना हे सगळं माहीत आहे आणि त्यांची काही तक्रार नाही.

मी गेलो तेव्हा कुठल्याशा हॉटेलातले दोघे एक चूल उलटी करून बघत होते.

"मावशी, माती मिळेल का थोडी?"

"मातीचं काय करताय, चूल घ्या की. तयार हाय."

"नाही, मातीच हवी होती."

"कशाला?"

आता सरळ उत्तर होतं, तोंडाला लावायला. पण ते दोघे हॉटेलवाले चूल खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले होते. पन्नाशीला टेकलेला, इन केलेला शर्ट, हातात ऑफिसची बॅग. मी म्हणालो, "चूल घालायची आहे. घरी."

"सवता घालताय? बगू हात." मी हात पुढे केले. भागुबाईंनी ते उलटेसुलटे करून बघितले, हॉटेलवाल्यांनाही दाखवले. "ह्या हातानं? ह्ये तर पापडाला बी चालायचे न्हाईत."

"प्रयत्न करतो."

त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी एका कडेला ओल्या पोत्याखाली झाकलेलं घमेलं उघडलं. आत लोण्यासारखी काळीभोर माती होती. पलीकडे साधी चाळलेली माती ढीग करून ठेवलेली होती, पण तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. चूल घालणाऱ्याला चुलीचीच माती द्यायची ना.

"ही घ्या. लय दिस मुरवलीया."

"त्रास नाही ना होत ह्याचा?"

"कुनाला तरास?"

"हाताला."

"चुलीला इचारा. जाळ घाला न्हाईतर काय बी करा, तडा जायाचा न्हाई. एकदा धरली की सोडायची न्हाई, लय चिवट हाय."

हे ऐकून मला बरं वाटलं. तेल धरायचं आणि सोडायचं नाही, मला तरी दुसरं काय हवं होतं?

"कुटं ऱ्हाता?"

"वलवणला."

"मंग रविवारी येते. बूड मी बसवून देते. न्हाईतर चूल कलंडायची न् नाव माजं जायाचं."

मी "बघू" म्हणालो. आमच्यात 'बघू' म्हणालं की विषय संपतो. भागुबाईंनी बिल्डिंगचं नाव विचारून घेतलं.

रविवार उजाडला. उजाडला म्हणजे धुकं पांढरं झालं. मी आरशासमोर बसून रुमाईसाच्या सूचना फोनवर पुन्हा वाचल्या. डोळे आणि ओठ सोडून जाड थर द्यावा. वाळेपर्यंत बोलू नये, हसू नये. बोलायला घरात कोणी नव्हतं. हसण्याचा तर प्रश्नच नव्हता. मातीला वास येत होता, थोडासा तबेल्याकडे झुकणारा. पण औषध म्हटलं की वास आलाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. मधूनमधून काहीतरी बारीक टोचत होतं. गुणकारी वस्तू टोचणारच.

थर देऊन बसलो. आता ह्यातली खरी अडचण मला कुणी सांगितली नव्हती. ती रुमाईसाच्या पुस्तकात नसावी, कारण ते पुस्तक लोणावळ्यात लिहिलेलं नाही. इथे दिवाळीपर्यंत काहीही वाळत नाही. टॉवेल वाळत नाही, मीठ वाळत नाही, बँकेचं पासबुक उघडलं तर पानं एकमेकांना चिकटलेली असतात. माझ्या तोंडावरची माती तासाभराने जशीच्या तशी होती, थोडी खाली सरकली होती एवढंच. पंखा लावला. अनघाचं केस वाळवायचं यंत्र शोधलं, ते ती गोंदियाला घेऊन गेली होती. कपाटात त्याचं रिकामं खोकं तेवढं होतं. ते हातात घेऊन मी उगीचच थोडा वेळ उभा राहिलो.

मग भागुबाईंचे शब्द आठवले. जाळ घाला न्हाईतर काय बी करा. मी गॅस पेटवला आणि ओट्यावर दोन्ही हात टेकून, ज्योतीपासून सुरक्षित अंतरावर तोंड धरून उभा राहिलो. हे मात्र लागू पडलं. गाल ताणले, कपाळ ताणलं, आणि मग एका क्षणी माझ्या लक्षात आलं की चेहरा नावाची हलणारी वस्तू माझ्याकडे आता उरलेली नाही.

नेमका तेव्हाच अनघाचा व्हिडिओ कॉल आला. रविवारी आम्ही दोघं एकाच वेळी चहा पितो, ती तिकडे, मी इकडे. तो कॉल मी घ्यायचा कसा? मी घेतला नाही. टाइप केलं, 'मीटिंगमध्ये आहे.'

तिने लिहिलं, 'रविवारी?'

मी लिहिलं, 'हो.'

पुढे बराच वेळ ती टाइप करतेय असं दिसत होतं. आलं काहीच नाही.

इतक्यात दाराची बेल वाजली आणि बाहेरून नूरभाईंचा सेक्रेटरीचा आवाज आला. "राजाभाऊ, दार उघडा. बाल्कनीत चूल घालता येणार नाही. सोसायटीच्या नियमात कुठेही..."

मी दार उघडलं. नूरभाई नियमाच्या मध्येच थांबले. त्यांच्यामागे डोक्यावर घमेलं घेतलेल्या भागुबाई.

भागुबाई मात्र अजिबात दचकल्या नाहीत. घमेलं खाली ठेवलं, जवळ आल्या, आणि माझ्या गालावर बोटाच्या पेराने टकटक केली.

"चांगली धरलीया," त्या म्हणाल्या. मग घरात डोकावल्या. "आन् चूल कुटं हाय?"

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"राजाभाऊ, बोला की काहीतरी," नूरभाई म्हणाले. मी जेवढं शक्य होतं तेवढं बोललो. ते 'म्म' असं काहीतरी होतं.

"आवं साहेब, त्वांडालाच लावायची हुती तर तसं सांगायचं न्हाई व्हय? त्वांडाची बी हुती माज्याकडं. चाळल्याली. मुंबैच्या बाया नेत्यात." त्या आता खरोखर दुखावल्या होत्या. "ह्यात घोड्याची लीद हाय. न् भाताचं तूस. न् राख. त्याबिगर चूल धरत न्हाई."

"लीद?" नूरभाईंनी माझ्या वतीने विचारलं.

"पॉइंटवरच्या घोड्यांची. हरभरा खात्यात ती. माल चांगला हाय."

पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो वलवणात अजून सविस्तर सांगितला जातो. मला बाल्कनीत स्टुलावर बसवण्यात आलं. तोंडावर ओलं पोतं टाकण्यात आलं. भागुबाई पाणी मारत होत्या, नूरभाई वरून पोत्याला सूचना देत होते, आणि समोरच्या इमारतीतल्या कस्तुराबाई दळण ठेवून गॅलरीत येऊन बसल्या होत्या. "साहेबांना साप चावला का?" त्यांनी विचारलं. "न्हाई, चूल," भागुबाई म्हणाल्या, आणि एवढ्याने कस्तुराबाईंचं समाधान कसं झालं ते मला आजवर कळलेलं नाही. माती निघाली. तिच्याबरोबर तुसात अडकलेली माझी उजवी भुवई अर्धी निघाली. चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. पण कपाळावर बोट फिरवलं तर तेलाचा टिपूस नव्हता.

भागुबाई चूल घातल्याशिवाय परत जाईनात. आलेलं काम न करता गेलं तर नाव जातं, म्हणाल्या. शेवटी ती चूल नूरभाईंच्या मागच्या अंगणात घातली गेली. अंगणात चुलीला नियमाची आडकाठी नव्हती, असं सेक्रेटरींनी स्वतःच तपासून सांगितलं.

सोमवारी ऑफिसात पोचतो तर संदेश दारातच. "साहेब, तुमची परवानगी आली. चेहरा नव्याने नोंदवायचा तर आजच. संध्याकाळी लिंक बंद होते, मग थेट पुढच्या वर्षी." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, काय झालं?"

"काही नाही. नोंदव."

"उद्यापर्यंत बरं वाटलं असतं तर..."

"लिंक बंद होते ना?"

"होते."

"मग नोंदव."

मशीनने माझा फोटो घेतला. लालभडक, कोरडा, दीड भुवईचा. आणि मशीन अतिशय आनंदाने म्हणालं, 'नोंद यशस्वी.' त्या दिवसापासून मी दारात उभा राहिलो की त्याने मला पहिल्या फटक्यात ओळखायला सुरुवात केली. रांगेतली मंडळी थक्क. मी मनातल्या मनात रजा मोजायला लागलो. सगळ्या जागच्या जागी होत्या.

हे सुख टिकलं आठवडाभर. मग निसर्गाने घात केला. लाली उतरली, तेल परत आलं, भुवई उगवायला लागली, आणि एका सकाळी मशीन म्हणालं, 'चेहरा जुळत नाही.' माझा खरा चेहरा आता सरकारदरबारी बोगस ठरला होता.

मी त्याच संध्याकाळी कार्ल्याला गेलो.

"त्वांडाची देऊ का चुलीची?" भागुबाईंनी विचारलं. ह्या वेळी ताडपत्रीखाली सहा गिऱ्हाइकं होती.

"चुलीची," मी म्हणालो.

कारण चाळलेल्या मातीने नुसतं तेल जात होतं, लाली येत नव्हती. मग रोज सकाळी पातळ थर, गॅसपुढे तोंड, ओलं फडकं आणि ऑफिस. भुवई मी रेझरने आखून ठेवायला लागलो. तेवढं केलं की मशीन ओळखायचं. दसरा महिन्यावर आला होता.

फक्त अनघाला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण एका बँक ऑफिसरला फोनवर 'मी रोज सकाळी तोंडाला लीद लावतो' हे वाक्य कोणत्या सुरात सांगावं, ते मला ठरवता येईना. म्हटलं, दसऱ्याला समोरासमोर हसत हसत सांगू. तोवर कॅमेरा बिघडलाय असं सांगून ठेवलं.

"नुसता आवाज ऐकून जेवण जात नाही हो," ती एकदा म्हणाली.

"दुरुस्तीला टाकतो."

"रविवारी मीटिंग, मग कॅमेरा. तुम्ही काय लपवताय?"

"काही नाही गं. मी काय लपवणार?"

तिने माझा फोन ठेवला आणि नूरभाईंना लावला. नूरभाई जबाबदार माणूस. दुसऱ्याच्या घरातलं बोलायचं नाही हे त्यांचं तत्त्व. त्या तत्त्वाला धरून ते तिला म्हणाले, "वहिनी, मी काही सांगणार नाही. ते तुम्हाला राजाभाऊंनीच सांगायला हवं. चेहरा बघवत नाही, एवढंच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला अनघाचा मेसेज आला. ती गाडीत बसली होती.

पुण्याहून लोकलने ती लोणावळ्याला उतरली तेव्हा मी पुलाच्या जिन्याखाली उभा होतो. ती बॅग घेऊन आली, इकडे तिकडे बघितलं, आणि माझ्या समोरून सरळ पुढे निघून गेली. मी हाक मारली. ती वळली. मला नीट पाहिलं आणि बॅग तिथेच खाली ठेवली. काय झालंय ते मी त्या प्लॅटफॉर्मवरच सगळं सांगितलं, घोड्यांसकट. ती ऐकत राहिली. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही.

"समोरून गेलीस की तू," मी म्हणालो. "ओळखलं नाहीस?"

"गर्दीत मी आधी तुमचं कपाळ शोधते. लांबून दिसतं ते. आज कुठे दिसेना, म्हटलं आला नाहीत." मग तिने हात वर करून माझी अर्धी भुवई अंगठ्याने चाचपली. हसली ती त्यानंतर, आणि इतकी की चहावाला दोन कप घेऊन आपणहून आला.

ती चार दिवस राहिली. मी म्हणालो, "मी रजा काढतो." ती म्हणाली, "अजिबात नको, दसऱ्याला लागतील." तेही खरंच होतं. मी इतकं तोंड भाजून राखलेल्या रजा अशा मधेच मोडायच्या कशा? म्हणून मी रोज ऑफिसला गेलो. सकाळी माती मात्र ती लावायची. मी स्टुलावर डोळे मिटून बसायचो आणि ती बोटांनी थर द्यायची, नाकाच्या कडेने, कानाजवळून, सावकाश. वास येतो म्हणून एका हाताने स्वतःचं नाक धरून. मी ऑफिसात असताना ती घरात एकटी काय करत होती ते मी विचारलं नाही. संध्याकाळी आलो की शर्ट इस्त्री केलेले असायचे, कोरडे. कसे वाळवले ते तिलाच ठाऊक.

एका रात्री नूरभाईंनी अंगणातल्या चुलीवर मटण शिजवून आम्हाला जेवायला बोलावलं. चुलीला खरोखर एकही तडा नव्हता. पाचव्या दिवशी ती गेली. गाडी सुटताना म्हणाली, "आता दसऱ्याला." मी म्हणालो, "आता दसऱ्याला. काहीही करायचं नाही."

"नाही करायचं," ती म्हणाली, आणि खिडकीतून दुसरीकडे बघायला लागली. मला वाटलं, डोळे पुसतेय.

दसऱ्याला मी गेलो. रजेचा अर्ज एका दिवसाचीही काटछाट न होता मंजूर झाला. आस्थापना शाखेच्या इतिहासात हे प्रथमच, असं संदेशच म्हणाला. नागपूरला दीक्षाभूमीवर एवढा जनसागर होता की आम्ही दिवसभर एकमेकांचा हात सोडला नाही. पन्नाशीत असं हात धरून फिरायला एरवी कुठे मिळतं? रात्री गोंदियाला तिच्या खोलीवर पोचलो. एक खोली, एक खुर्ची. फडताळात एक ताट होतं आणि त्याच्यावर आज सकाळीच आणल्यासारखं दुसरं, किमतीची चिकटपट्टी अजून मागे असलेलं.

सकाळी जाग आली तर ती आरशासमोर उभी राहून साडीला पिन लावत होती. बाजूला डबा भरून ठेवलेला.

"कुठे निघालीस?"

"बँकेत."

"आणि रजा?"

"होत्या त्या लागल्या ना." ती पिन तोंडात धरून म्हणाली. "तुमचं तोंड बघायला आले होते तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी तिकडे रजा काढली असती, घरी थांबलो असतो."

"तुम्ही किती आनंदात होतात. रजा वाचल्या म्हणून." तिने डबा उचलला. "पोळ्या झाकून ठेवल्यात. दुपारी वरच्या मावशी पाणी सोडतात, तेवढं भरून ठेवा."

मी पाणी भरलं. दोन्ही ताटं धुतली. खुर्चीत बसून रस्ता बघितला. दुपारी कुठे किती ऊन येतं, समोरचं दुकान कधी बंद होतं, जिन्यात पाऊल वाजलं की कसं वाटतं आणि ते वरच्या मजल्यावर निघून गेलं की कसं वाटतं, हे सगळं मला त्या आठवड्यात समजलं. काहीही करायचं नाही हा कार्यक्रम मी एकट्याने, ठरल्याप्रमाणे, बारकाईने पार पाडला.

आता कुणाचं काय झालं ते सांगून संपवतो. भागुबाईंना वलवणात गिऱ्हाइकं मिळाली, चुलीची आणि तोंडाची दोन्ही. नूरभाईंना चूल मिळाली. संदेशला वेळेवर येणारा एक कर्मचारी मिळाला आणि मशीनला एक चेहरा. मला माझा आठवडा मिळाला, एक दिवसही न कापता. ह्या सगळ्याचं जे काही भरायचं होतं ते अनघाने भरलं, चार दिवसांत, रोख, पावती न मागता, आणि त्या माझ्या आठवड्यात ती रोज सकाळी डबा घेऊन माझ्यासमोरून जिना उतरत होती.